ईशानीचा अर्धा सेकंद

चारुदत्तने चौदा सेकंद कापले. त्या चौदा सेकंदांत त्याची मुलगी ईशानी बर्फावर कोपऱ्यात घसरून पडली होती, आइस हॉकीतली रबरी चकती, म्हणजे पक, तिच्या स्टिकखालून निसटला होता आणि समोरच्या संघातला एक धिप्पाड पोरगा तो घेऊन पसार झाला होता. माउसची एक टिचकी, आणि यातलं काही घडलंच नव्हतं. त्याने चहाचा घोट घेतला आणि पुढच्या चुकीपर्यंत रेकॉर्डिंग सरकवलं.

"त्या कॅनडाच्या बाईंनी काही कापू नका म्हणून लिहिलंय ना?" मृणालिनी मागून म्हणाली. ती बाल्कनीतून ईशानीचे गुडघ्यांचे पॅड उचलून आणत होती. शारजातल्या मे महिन्यात आठला टाकलेले पॅड नऊला कडक वाळतात. वास मात्र देवालाही काढता येत नाही.

"कापत नाहीये. साफ करतोय."

"झाकली मूठ सव्वा लाखाची!"

"मग? उघडून काय मिळणार आहे?"

मृणालिनीने पॅड खुर्चीवर टाकले आणि ती आपल्या कामाला गेली. नवऱ्याशी वाद कुठे थांबवायचा हे तिला चांगलं कळत होतं, आणि चारुदत्तला कुठे सुरू करायचा तेही कळत नसे.

हमरिया फ्री झोनमधल्या एका पाइपांच्या कारखान्यात तो अठरा वर्षं क्वालिटीचं खातं सांभाळत होता. गेटाबाहेर जाणारा माल पास झालेलाच असला पाहिजे, ही त्याची श्रद्धा होती. बाकी श्रद्धा त्याने बायकोवर सोपवल्या होत्या. मुलीची हॉकीही त्याने याच श्रद्धेने सांभाळली. दर मॅचचं रेकॉर्डिंग करायचं, त्यातले गोल आणि उत्तम पास निवडायचे, आणि दर तीन महिन्यांनी पाच मिनिटांची फिल्म कॅनडातल्या अकॅडम्यांना पाठवायची. तशा अकरा फिल्मा गेल्या. दहांना उत्तर आलं नाही. अकराव्या फिल्मला ओंटारियोतल्या एका अकॅडमीच्या निवड-प्रमुख बाईंनी उत्तर दिलं.

उत्तर चार ओळींचं होतं. मुलीचं स्केटिंग आवडलं. बचाव फळीत एक जागा शिल्लक आहे. एका पूर्ण मॅचचं रेकॉर्डिंग पाठवावं, काहीही न कापता. आणि कॅमेरा पकवर नको, संपूर्ण वेळ फक्त खेळाडूवर हवा. ती बेंचवर बसलेली असेल तेव्हाही. मुदत सोमवार सकाळची.

"बेंचवर बसलेली पोरगी बघून काय करणार या बाई?" असं तो त्या दिवशी तीनदा म्हणाला होता. पण ती एक जागा म्हणजे काय, हे त्याला पाठ होतं. पंधराव्या वर्षी अकॅडमी, अठराव्या वर्षी तिकडच्या विद्यापीठाचा संघ, आणि तिथून बायकांच्या व्यावसायिक लीगची निवड. ही शिडी दुबईच्या मॉलमधल्या बर्फावर उभी राहून चढता येत नाही. वरच्या मजल्यावरून लोक शावर्मा खात खाली बघतात, आणि दर दोन तासांनी वाढदिवसाच्या पार्ट्यांसाठी रिंक रिकामा करावा लागतो. पहिली पायरी तिकडेच होती.

आणि ईशानी एकटी जाणार नव्हती. ते त्याने केव्हाच ठरवलं होतं. कंपनीकडून सहा महिन्यांची बिनपगारी रजा त्याने मंजूर करून घेतली होती, मिसिसॉगातल्या मृणालिनीच्या मावसभावाकडची तळघरातली खोली बोलून ठेवली होती, आणि सेलमध्ये एक जाडजूड जॅकेटही घेतलं होतं. साडेचारशे दिऱ्हम, म्हणजे जवळजवळ अकरा हजार रुपये, असं दुकानातच मोठ्याने बोलून. घरी एसी अठरावर ठेवून तो ते घालून हॉलमध्ये फिरला तेव्हा मायलेकी सोफ्यावर लोळून हसल्या होत्या.

कापलेल्या जागेचा सांधा नीट बसला का ते बघायला त्याने रेकॉर्डिंग थोडं मागे घेतलं.

पडण्याआधी पक ईशानीच्या स्टिकवर आला होता. आता कॅमेरा तिच्यावरच असल्यामुळे हेल्मेटच्या जाळीमागचा चेहराही दिसत होता. पक आला, आणि तिने मान वर केली. सरळ कॅमेऱ्यात बघितलं. मग खाली बघितलं, तोवर तो धिप्पाड पोरगा पोचला होता.

चारुदत्तला आधी बरंच वाटलं. डोकं वर ठेवून खेळते, म्हणजे चांगलंच. त्याने पुढे सरकवलं. पक आला, मान वर, नजर कॅमेऱ्यात. मग पास. पुढचा प्रसंग, तोच प्रकार. कॅमेरा स्टँडवर होता. तिसऱ्या रांगेत, मध्यरेषेच्या अगदी समोर. आणि कॅमेऱ्याला खांदा लावून, नेहमीच्या खुर्चीत, तो स्वतः बसला होता.

त्याने कागद-पेन्सिल घेतली. कारखान्यात मारतात तशा चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारत तो मॅच सुरुवातीपासून बघू लागला. चहावर साय धरली. नाश्त्याचे पोहे मृणालिनीने समोर ठेवले आणि तासाभराने तसेच उचलले. मॅच संपली तेव्हा कागदावर हिशेब होता: पक सदतीस वेळा तिच्याकडे आला, चौतीस वेळा तिने वर बघितलं.

अर्धा सेकंद. हा शब्द त्याने दोन वर्षं ऐकला होता. ईशानीची कोच सफा ही अबू धाबीची, स्वतः राष्ट्रीय संघातून खेळलेली. ती त्याला 'अबू ईशानी' म्हणायची, म्हणजे ईशानीचे वडील, आणि दर महिन्याला एकच तक्रार करायची. पोरीचे पाय चांगले, हात चांगले, बर्फाची समज तर फारच चांगली. पण पक आला की अर्धा सेकंद थबकते. या वयात चालेल. वर गेली की त्या अर्ध्या सेकंदात तिला चिरडून पुढे जातील.

चारुदत्तने त्या अर्ध्या सेकंदाचा पाठलाग केला होता. डोळे तपासले, नंबर नव्हता. स्केट्स बदलले. रक्त तपासून बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या सुरू केल्या. झोपेचा तक्ता करून फ्रीजवर लावला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्याने शाळेत दहादा वाक्यात उपयोग करून लिहिली असेल.

एका पाइपात दोष निघाला तर तो पाइपाचा. सगळ्या पाइपांत एकाच जागी निघाला तर पाइप बघायचे नसतात, साचा बघायचा असतो. हे तो दरवर्षी नव्या इन्स्पेक्टर पोरांना शिकवायचा, फळ्यावर आकृती काढून.

ईशानी आठ वर्षांची असताना पहिल्यांदा त्या रिंकवर उतरली. तिच्याखेरीज सगळे मुलगेच होते, बहुतेक युरोपियन, आणि कोचच्या सूचना भराभर इंग्रजीतून. ती कठड्याला धरून रडत होती. चारुदत्त काचेला तोंड लावून म्हणाला होता, "घाबरायचं नाही. काही समजलं नाही तर माझ्याकडे बघ. मी इथेच आहे." त्यातूनच खुणा सुरू झाल्या. हात पुढे केला की जा. पंजा खाली दाबला की थांब. मूठ वळली की मार. तो कॉलेजात क्रिकेट खेळलेला. बर्फावर त्याने आयुष्यात पाऊल ठेवलं नव्हतं. "उंटावरून शेळ्या हाकतोय," असं मृणालिनी तेव्हाच म्हणाली होती, आणि तो हसला होता, कारण त्याला ते या देशात फारच शोभून दिसलं होतं.

आता त्याला लाज वाटली. लाजेमागून भीती आली, कारण सोमवार दोन दिवसांवर होता, आणि त्या बाई हे सगळं पहिल्या पाच मिनिटांत ओळखणार होत्या.

मृणालिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने कागद तिच्यासमोर धरला. तिने तो वाचला आणि घडी घालणं चालू ठेवलं.

"तुला माहीत होतं?"

"मोजलं नव्हतं."

"मग बोलली का नाहीस?"

"चारू, सात वर्षं बोलतेय. तू मला हॉकीतलं काही कळत नाही म्हणायचास. आणि खरंच कळत नाही."

रविवारी दुपारी मोसमातली शेवटची मॅच होती. गाडीत मागे हॉकीच्या बॅगेचा आंबूस वास, पुढे एसी पूर्ण, आणि शारजा-दुबई रस्त्यावर रविवार असूनही ट्रॅफिक. मृणालिनी शेजारी होती, ईशानी मागे कानात गाणी लावून बसली होती. मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी थांबल्यावर चारुदत्त उतरला नाही.

"मी आज आत येत नाहीये. आई कॅमेरा धरेल."

ईशानीने कानातलं काढलं. "व्हाय? डिड आय डू समथिंग?"

"नाही गं. मला एक काम आहे."

"व्हॉट काम? इट्स संडे."

"यल्ला, चल, उशीर होतोय," असं म्हणून त्याने डिकीचं बटण दाबलं. तिने बॅग खांद्यावर घेतली आणि लिफ्टपर्यंत जाईतो दोनदा मागे वळून बघितलं. दोन्ही वेळा तो फोन बघत होता. फोन बंद होता.

मॅच सुरू व्हायच्या आधी सफा खाली आली. मृणालिनीने तिला काही सांगितलं असावं. तिने गाडीच्या काचेवर टकटक केलं.

"अबू ईशानी, तुम ठीक है?" तिचं हिंदी लहानपणी घरी असलेल्या केरळच्या बाईकडून आलेलं होतं, आणि ते ती फक्त चारुदत्तसाठी वापरायची.

"वो अर्धा सेकंद," तो म्हणाला. "वो मेरा है, कोच."

ती हसली नाही, याबद्दल तो पुढे कितीतरी दिवस तिचा आभारी राहिला.

"आज वो बहुत खराब खेलेगा," ती म्हणाली. "तुमको मालूम है ना? एकदम खराब. फिर भी ऊपर नहीं आना. पक्का? खलास?"

"खलास."

दीड तास तो गाडीत बसला. एकदा लिफ्टपर्यंत गेला आणि परत आला. दुसऱ्यांदा वर जाऊन दाट उकळलेला करक चहा घेतला. चहाच्या टपरीपासून रिंकची काच पन्नास पावलांवर होती, शिट्टी ऐकू येत होती, आणि कुणीतरी गोल केल्याचा गलका झाला तेव्हा चहा त्याच्या हातावर सांडला. गोल कुणाचा ते त्याने बघितलं नाही. सात वर्षांत एवढं अवघड काम त्याने केलं नव्हतं, आणि दिसायला ते काहीच न करण्यासारखं होतं.

परतताना ईशानीने पुन्हा कानात गाणी लावली. पाच-तीन असे हरले, एवढं मृणालिनीने सांगितलं.

घरी आल्यावर ईशानी अंघोळीला गेली आणि चारुदत्त मृणालिनीने केलेलं रेकॉर्डिंग बघायला बसला. कॅमेरा हलत होता. मधे एका गृहस्थाचं टक्कल अर्धा मिनिट पडदाभर होतं. सफाने सांगितलं होतं तसंच झालं होतं. पहिल्याच मिनिटाला पक आला, ईशानीने वर बघितलं. चारुदत्तच्या खुर्चीवर आज कुणी पिशव्या ठेवल्या होत्या, असं मृणालिनीने मागून सांगितलं. ईशानी बघतच राहिली, आणि पक गेला, आणि गोल झाला. ती कठड्यापाशी उभी राहून हातमोज्याने जाळीतून डोळे पुसत होती. ते बघताना त्याने स्वतःची मांडी घट्ट धरली. दुसऱ्या भागात तिने मधोमध चुकीचा पास दिला, आणखी एक गोल. बेंचवर सफा तिच्याशेजारी बसली. ईशानी बुटांकडे बघत होती.

तिसऱ्या भागात काही विशेष झालं नाही. म्हणजे चारुदत्तच्या जुन्या फिल्मांत टाकावं असं काही झालं नाही. ईशानीकडे पक आला, तिने तो लगेच डावीकडे दिला. पुन्हा आला, तिने एका पोराला अंगावर येऊ दिलं, खांदा वळवला आणि त्याच्या मागून निघून गेली. पुन्हा आला, पुन्हा दिला. मान वर झाली नाही. शेवटची बारा मिनिटं एकदाही नाही. त्याच्या हातातली पेन्सिल नुसतीच राहिली.

ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून ईशानी शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. पडद्यावर दोन्ही फायली होत्या, शुक्रवारची आणि आजची.

"आज पाठवायला हवं," तो म्हणाला. "शुक्रवारची मॅच तुम्ही चार-एक जिंकलात. मी त्यातलं थोडं कापलं होतं, ते परत जोडलंय."

"अँड टुडे?"

"आज हरलात. दोन गोल तुझ्यामुळे."

"आय नो."

तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. शुक्रवारची फाइल उघडली, थोडी बघितली. मग आजची, शेवटून. चौतीसचा तो कागद चारुदत्तच्या खिशात होता; दाखवावा असं एकदा वाटलं, पण त्याने खिशावरचा हात काढून घेतला.

"यू टोल्ड मी यू हॅड काम," ती पडद्याकडे बघत म्हणाली.

"होतं."

"ओके." तिने आजच्या फाइलवर बोट ठेवलं. "सेंड टुडेज."

"अगं, त्यात तू रडलीयस. त्या बाईंना ते दिसेल."

"आय नो, बाबा. बट दॅट वन इज माइन."

तिने आजची फाइल अकॅडमीच्या पानावर चढवायला लावली. मॅच लांबलचक होती, वेळ लागणार होता. मधल्या वेळात ती अर्ज भरू लागली. नाव, जन्मतारीख, उंची, कोणत्या हाताने खेळते. चारुदत्तने हा अर्ज आठवड्यापूर्वीच वाचून ठेवला होता. शेवटच्या पानावर प्रश्न होता: पहिल्या वर्षी पालक सोबत राहणार आहेत का? 'हो'वर टिचकी मारली की खाली चार रकाने उघडतात, पालकाचं नाव, पासपोर्टचा नंबर, नातं, तिथला पत्ता. मावसभावाचा पत्ता त्याने पिनकोडसकट चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपखाली ठेवला होता.

ईशानी शेवटच्या पानावर आली. तिने प्रश्न वाचला. माउसवरचा हात थांबला, आणि तिने मान वर करून बापाकडे बघितलं.

चारुदत्त उठला. टेबलावरचे तिन्ही कप गोळा केले, स्वयंपाकघरात गेला आणि तिच्याकडे पाठ करून नळ सोडला. पाणी मेमधलं, उकळतं. बोटं भाजत होती. त्याचे कान मात्र बाहेर होते. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग एक टिचकी ऐकू आली. चार रकाने भरायचे तर कीबोर्ड वाजायला हवा होता. तो वाट बघत राहिला. कीबोर्ड वाजला नाही. दुसरी टिचकी झाली, पान पाठवल्याची.

"डन, बाबा," ती बाहेरून म्हणाली.

"बरं," तो म्हणाला, आणि त्याने दुसरा कप घासायला घेतला.